सारजाला घरी बसवणारी कंपनी

वडगाव निंबाळकरच्या सारजाबाईचा राग साऱ्या आळीला तोंडपाठ होता. सासऱ्याच्या काळी घरात मेंढरं होती. मेंढरं गेली, पण मेंढरांना घालायची हाळी सारजाकडं राहिली. बांधावरून तिनं नवऱ्याला, बिरूला, जेवायला हाक मारली, तर पलीकडच्या शिवारातले तिघं हात धुऊन घ्यायचे.

घर चालायचं ते तुकडाभर रान आणि एक पंढरपुरी म्हैस यांच्यावर. शहाण्णव साली बिरूला अचानक साक्षात्कार झाला, की आपली बायको फार राबते. बायकोचे कष्ट बघून नवऱ्याचे डोळे भरून आले, की ओळखावं, घरातलं काहीतरी विकायचं ठरलंय.

ठरलं होतं म्हशीचं. बारामतीहून स्कूटरवर सफारी सूट घातलेला एक माणूस आला होता. त्याच्या पत्रकावर छापलं होतं, 'घरबसल्या खडू बनवा, महिन्याला हजारो मिळवा.' साचे कंपनीचे, तयार खडू घेणारीही कंपनीच. फक्त साच्यांची अनामत आधी भरायची. म्हैस विकली की अनामत निघत होती. बिरूनं व्यापाऱ्याला सांगावाही धाडला होता.

"वहिनी, आता उन्हातान्हात राबायचं नाही," सफारीवाला म्हणाला. "घरबसल्या पैसा!"

"मला घरी बसवायला निघालाय व्हय? घरी बसवत्यात ते पडलेल्या मेंबराला. मी कुठली निवडणूक हरलीया?"

"अगं, तसं न्हाय," बिरू पुटपुटला. "सायेब काम देत्यात."

"मग पैसं कोण कुणाला देतंय?"

"आधी आपण. अनामत म्हणून."

सारजानं पदर खोचला. दूध घालायला निघालेले दोघं आवाज ऐकून तिथंच थांबले.

"दर साली ऊसतोडीचा मुकादम येतो. माणूस कामावर यावं म्हणून आधी त्याच्या हातावर उचल ठेवतो. मुकादम कितीबी लुच्चा असंल, पर उचल त्योच देतो! कामाला बोलावून वर आमच्याकडनंच उचल मागणारा मुकादम मी आज बघितला!"

"कंपनीचा नियम आहे, वहिनी."

"बरं. साचं ठिवून जावा. खडू इकलं, की पयल्या पैशातनं अनामत कापून घ्या."

"तसं नाही जमत. आणि आज शेवटचा दिवस आहे."

"कुणाचा?" सारजानं विचारलं.

सफारीवाल्यानं स्कूटरला किक मारायचा नाद केला नाही. फाटकापर्यंत ती ढकलतच नेली.

म्हैस दावणीला राहिली आणि बिरू फुगून बसला. शेजारच्या सिंधुबाईनं मात्र कानातली फुलं मोडून साचे घेतले. तिनं पोतंभर खडू पाडले. कंपनी म्हणाली, वाकडे आहेत. पुन्हा पाडले. कंपनी म्हणाली, ठिसूळ आहेत. तिसऱ्या खेपेला सिंधुबाई बारामतीला पोचली, तर कंपनीच्या खोलीला कुलूप.

गावाला हसायला विषय मिळाला. पारावर बिरूच सगळ्यांत मोठ्यानं सांगत होता, "लोभ, दुसरं काय! मला तर तवाच वास आला हुता!"

आणि मागं सारजा उभी होती.

"अवो शहाणं! व्यापाऱ्याला सांगावा धाडला, तवा तुमच्या नाकाला पडसं झालं हुतं का?"

पार खदखदून हसला. सारजा पाराकडं वळली.

"दात मिटा! तिनं लॉटरी लावली न्हवती, काम मागितलं हुतं. बोटांची सालं जाईस्तवर खडू पाडलं तिनं. काम मागणं लोभ व्हय? लुबाडणारा स्कूटरवर गाव पालथं घालतोय, अन् तुमी हसताय लुबाडलेलीला! उद्या त्यो बावड्याला जाईल, इंदापूरला जाईल. तितल्या बायांना कोण सांगणार? तुमचं दात?"

तिनं सिंधुबाईचं घर गाठलं. "अनामतीची पावती घे. ठाण्यात जायाचं."

"नगं गं सारजा. लोकं काय म्हणतील?"

"लोकं पारावर बसल्यात. त्यांचं म्हणून झालंय. चल!"

दोघी निघाल्या. पुरावा म्हणून परत आलेलं खडूचं पोतं न्यायचं होतं. ते बिरूनं कुणी न सांगता खांद्यावर घेतलं आणि तो दोघींच्या मागनं निघाला. पारापुढनं जाताना फाटक्या पोत्यातनं त्याच्या टोपीवर पांढरी भुकटी सांडत होती, पण हसायची कुणाची छाती झाली नाही.