रिकामा झोपाळा

मांडव्याच्या जेट्टीवर तिकिटं फाडून निवृत्त झालेले आमचे शेजारी दुपारी माझ्याकडे गुप्तहेरांचे सिनेमे बघायला येतात आणि पहिल्याच दृश्यावर रिमोट दाबून चित्र थांबवून बसतात. तरुणपणी मी पावडर थापण्यात सिनेमाची सुरुवात चुकवायची आणि मग मिशी बघून खुनी ठरवायची. तेवढीच माझी अक्कल.

परवा पैज लागली. खुनी ओळखेल त्याला बशीतली शेवटची नारळाची वडी. पडद्यावर रिकामा झोपाळा हलत होता.

"थांबा वैनी. प्रेत दाखवलं असतं तर आपण नुसते घाबरलो असतो. इथं माणूसच न्हाय, पण झोपाळा हलतोय. म्हंजे आत्ताच कोणीतरी उठून गेलाय. आता आपण त्याला शोधत बसणार."

"बसा शोधत. मिशीवाला येऊ दे, मग मी सांगते."

तेवढ्यात वीज गेली. सगळ्यांचीच गेली का, ते कुंपणापाशी विचारून मी परतले, तर ओटीवरचा माझा झोपाळा हलत होता आणि वर कोणी नव्हतं. आत बशी रिकामी आणि शेजारी गायब.

चोर मला पक्का ठाऊक होता, त्याला मिशीही नव्हती. तरी छाती अशी धडधडली, की झोपाळा थांबेपर्यंत मी दारातच उभी राहिले.