दिलेला नंबर

माझ्या नातीचा सातवा नंबर मी एका अनोळखी बाईंना देऊन टाकला, ही गोष्ट आमच्या घरात दोघांनाच ठाऊक आहे: मला आणि माझ्या सुनेला. मुलाला ती ठाऊक नाही. नात तेव्हा चौदा महिन्यांची होती. आता ती तीन वर्षांची आहे, जिना चढताना माझे बोट सोडून कठडा धरते, आणि तिला त्या दिवसाचे काही आठवत असणे शक्य नाही. तरीही ती कधी टक लावून माझ्याकडे पाहू लागली की मी नजर वळवतो.

दिवाळी नुकतीच सरली होती. भाऊबीज आटोपून मुलगा पुण्याला नोकरीवर परतला होता. पत्नीला जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. नाशिक रोडच्या आमच्या घरात सून, नात आणि मी, असे तिघेच होतो. सोमवारी दुपारी नातीला उलटी झाली आणि आम्ही शेजारणीने तिच्या हाती दिलेल्या शंकरपाळ्यावर खापर फोडले. संध्याकाळी जुलाब सुरू झाले. मंगळवारी सकाळी सून म्हणाली, "बाबा, आज दाखवायलाच हवं."

दाखवायचे कोणाला, हा प्रश्न पडेल असे वाटले नव्हते. नातीचे नेहमीचे डॉक्टर सुट्टीवर गेले होते. दुसऱ्या दवाखान्यातून उत्तर आले की सध्या नवीन पेशंट घेत नाही. तिसरा दवाखाना उघडा होता, पण तिथे नंबर फोनवरच मिळे आणि तो फोन सकाळी आठाला सुरू होई. आठच्या ठोक्याला सून तिच्या मोबाईलवरून आणि मी माझ्यावरून फोन लावू लागलो. प्रत्येक वेळी एंगेज. आठ वाजून नऊ मिनिटांनी माझा फोन लागला आणि पलीकडून एक बाई एका दमात म्हणाल्या, "आजचे नंबर संपले, उद्या आठला लावा." मी "बरं, धन्यवाद" म्हणालो आणि फोन ठेवला.

सून माझ्याकडे पाहत राहिली. "धन्यवाद कसले बाबा? चौदा महिन्यांची आहे, उलट्या थांबत नाहीत, असं सांगायचं ना."

"त्यांनी संपले म्हटल्यावर..."

"त्या म्हणणारच. आपण थोडं भांडायचं असतं."

भांडणे मला कधी जमले नाही. आयुष्यभर मी शाळेत शिकवले आणि वर्गात आवाज चढवल्याचेही मला फारसे स्मरत नाही. रांगेत कोणी पुढे घुसले तर मी सरकून जागा देतो. बसमध्ये उभे राहणे मला अवघड वाटत नाही, बसून राहणे वाटते. लोक मला सज्जन म्हणतात. या शब्दाची मला नुसती सवय झाली नव्हती, त्याची गोडी लागली होती, हे फार उशिरा उमगले.

तो दिवस आम्ही घरीच मीठ-साखरेचे पाणी चमच्याने पाजण्यात घालवला. नात दोन चमचे घेई आणि तीन चमचे ओकून टाकी. बुधवारी सुनेने शेजारणीचाही मोबाईल मागून आणला आणि तिन्ही फोन टेबलावर ओळीने मांडले. चार मिनिटांनी ती एकदम ओरडली, "सातवा मिळाला!" दहावीचा निकाल लागावा तसा तिचा चेहरा झाला होता.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. भिंतीला लागून बाके, समोर लसीकरणाचा तक्ता आणि कोपऱ्यात टेबलाशी नंबर पुकारणाऱ्या बाई. फोनवरचा आवाज त्यांचाच होता. नात माझ्या मांडीवर होती. दोन दिवस किरकिरत होती ती त्या सकाळपासून गप्प झाली होती. मला वाटले, बरे वाटते आहे, म्हणून पोर निवली. डायपरही कोरडा होता. जुलाब थांबले, असे मी मनाशी म्हणालो आणि मला हायसे वाटले.

पाचवा नंबर आत असताना सून उठली. "बाबा, खालच्या मेडिकलमधून ओआरएसची पाकिटं घेऊन येते. आपला नंबर पुकारला तर माझ्यासाठी थांबू नका, सरळ आत जा. आणि सकाळी सहापासून हिने शू केलेली नाही, हे डॉक्टरांना आधी सांगा. विसरू नका हं."

मी मान हलवली.

आमच्या समोरच्या बाकावर सायखेड्याहून आलेल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांच्या कडेवरचा दोन वर्षांचा नातू सगळा दवाखाना डोक्यावर घेऊन रडत होता. शेजारी त्याची आई, जागरणाने सुजलेल्या डोळ्यांची, त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"दादा, कितवा नंबर हाय तुमचा?" आजींनी विचारले.

"सातवा."

"आमचा अठरावा. काल सांजधरनं असाच रडतोय, डोळ्याला डोळा नाय कोणाच्या. तुमची छकुली बघा कशी शांत हाय. गुणाची लेक."

बाकाच्या टोकावरचे एक गृहस्थ म्हणाले, "आजी, गुणाची पोरं असती तर आपण सगळे इथं कशाला आलो असतो?"

"हसा बाबांनो, हसा. माझा एक कान तर कालच गेला, दुसरा तेवढा ऱ्हायलाय," आजी म्हणाल्या आणि सगळे हसले. मीही हसलो.

तेवढ्यात बाईंनी पुकारले, "सात!"

मी नातीला घेऊन उठलो. आजींनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी नंबर मागितला नव्हता, हे मला इथे स्पष्ट नोंदवले पाहिजे. त्यांनी हात जोडले नाहीत की 'जाऊ द्या' म्हटले नाही. त्या नुसत्या पाहत होत्या. मीच म्हणालो, "आजी, तुम्ही जा आधी. तुमचं बाळ फार रडतंय."

नंबर पुकारणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, नक्की ना? बरोबर कोण आहे तुमच्या? विचारा त्यांना."

"पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. ह्यांच्यानंतर आम्ही."

आजी आणि त्या मुलाची आई लगबगीने आत गेल्या. बाकावरचे गृहस्थ म्हणाले, "वा काका! अशी माणसं आता राहिली नाहीत." मी खाली बसलो. माझ्या मांडीवर नात होती, तिचे डोळे अर्धवट उघडे होते, आणि माझे लक्ष त्या वाक्याकडे होते. ते मला गोड लागले होते.

दहा मिनिटांनी दार उघडले ते डॉक्टरांनीच. जवळच्या प्रसूतिगृहात एका बाईचे सिझेरियन होते आणि बाळासाठी त्यांना तातडीने बोलावले होते. "अर्ध्या तासात येतो," असे सर्वांना उद्देशून म्हणत ते जिना उतरले. मागोमाग सायखेड्याची मंडळीही औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेली. मुलाच्या कानात पू झाला होता, थेंब घालून तासभर जवळपासच थांबा, असे त्यांना सांगितले होते.

मेडिकलमधल्या गर्दीतून सून वर आली ती धापा टाकत. "डॉक्टर कुठे निघाले? आपला नंबर झाला?"

त्या प्रश्नाला खरे उत्तर देण्यास दोन श्वास पुरले असते. मी म्हणालो, "अजून आला नाही."

हे मी का म्हणालो, याची अनेक उत्तरे मी स्वतःला दिली आहेत. तिला उगाच त्रास नको, ही एक सबब. डॉक्टर येतीलच आणि सारे सुरळीत होईल, ही दुसरी. दोन्ही खोट्या आहेत. मला तिच्या तोंडून तो प्रश्न ऐकायचा नव्हता: का दिलात?

अर्धा तास उलटला. सुनेने नातीला माझ्याकडून घेतले आणि तिचे तोंड उघडून जीभ पाहिली. "बाबा, कोरडी पडलीये. दुसरीकडे जाऊया का? मोठ्या हॉस्पिटलला?"

"आता आपलाच नंबर आहे. उठलो तर जाईल. येतीलच ते."

ती बसली. आणखी काही वेळाने पुन्हा उठली, आणि मी पुन्हा तेच म्हणालो. नंबर पुकारणाऱ्या बाई फोन ठेवून म्हणाल्या, "निघालेत म्हणे." मी सुनेकडे असे पाहिले की बघ, मी म्हणालो नव्हतो? आज मला ठाऊक आहे की त्या वेळी मी नातीसाठी थांबलो नव्हतो. माझ्या चांगुलपणाची कोणालाही झळ बसली नाही, एवढे सिद्ध होईपर्यंत मी एका आजारी लेकराला त्या बाकावर बसवून ठेवले होते.

मग जिन्यावरून सायखेड्याच्या आजी वर आल्या. नातू त्यांच्या खांद्यावर झोपला होता. त्या थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"दादा, जातो आम्ही. झोपलं बघा पोर. तुम्ही तुमचा नंबर दिला म्हणून लय उपकार झाले. देव तुमच्या छकुलीला बी लौकर बरं करंल."

त्यांनी सुनेच्या गालावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटे मोडली. "सासरा नाय बाई, देवमाणूस हाय."

सुनेने माझ्याकडे पाहिले नाही. पर्स खांद्याला अडकवली, नातीला शालीत गुंडाळले आणि जिना उतरली. मी मागे धावलो. रिक्षात ती कडेला बसली, मी दुसऱ्या कडेला. मध्ये ओआरएसची पिशवी होती. द्वारका चौकातल्या वाहनांच्या गर्दीत रिक्षा थांबली तेव्हा ती नातीला म्हणाली, "रड ना ग. थोडंसं रड ना."

रुग्णालयातील डॉक्टर तरुण होते. त्यांनी नातीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही. "किती वेळ अशी गप्प आहे?" त्यांनी विचारले.

"सकाळपासून," मी म्हणालो. "शांत होती."

"काका, रडणारं मूल आम्ही थोडं थांबवतो. गप्प झालेलं मूल थांबवत नाही." ते रागाने म्हणाले नाहीत. सुई तयार करताना, जणू स्वतःशीच, म्हणाले.

शीर सापडत नव्हती. दोन्ही हातांवर टोचून झाले. पोरीने हात मागे ओढला नाही. शेवटी पावलात सुई गेली तेव्हा तिच्या ओठांतून एक बारीक आवाज आला आणि नर्स म्हणाली, "रडली, रडली!" सुनेने भिंतीला कपाळ टेकवले. मी दाराशी उभा होतो. आत जाण्याचा मला अधिकार आहे की नाही, हे मला ठरवता येत नव्हते.

चार दिवसांनी नात घरी आली. मुलगा दुसऱ्याच दिवशी पुण्याहून आला होता. नात घरी आल्यावर त्याने मला मिठी मारली आणि तो म्हणाला, "बाबा, तुम्ही होतात म्हणून निभावलं." सून तिथेच पेज ढवळत होती. तिचा हात थांबला नाही.

ते वाक्य मुलाने पुढे अनेकांना ऐकवले. गेल्या वर्षी आम्ही सुनेच्या माहेरी, देवळ्याला गेलो होतो. जेवताना विषय निघाला आणि मुलाने सारी हकीकत त्याच शब्दांत सांगितली. माझे व्याही कांद्याचे व्यापारी, मोकळ्या मनाचे. ते ताटावरून उठून माझ्याजवळ आले. "दादा, असा सासरा मिळायला आमच्या पोरीनं काय पुण्य केलं व्हतं कोण जाणे." सून भाकरी वाढत होती. तिने माझ्या ताटात अर्धी भाकरी वाढली आणि पुढे गेली.

दुपारी ती मागच्या अंगणात नातीचे झबले वाळत घालत होती. मी तिच्याजवळ गेलो. त्या दिवसानंतर त्याविषयी आम्ही प्रथमच बोलत होतो.

"मी आज सगळ्यांना सांगून टाकतो," मी म्हणालो.

"काय?"

"नंबराचं."

तिने झबले झटकले. "नंबर दिलात त्याचं मला काही नाही, बाबा. त्या आजींच्या जागी मी असते तर मलाही कोणी तुमच्यासारखं भेटावं असं वाटलं असतं. पण मी विचारलं तेव्हा तुम्ही खोटं सांगितलंत. मी दोनदा उठले आणि दोनदा तुम्ही मला बसवलंत."

"म्हणूनच सांगायचं आहे."

"सांगून तुम्ही मोकळे व्हाल." तिचा आवाज हलका होता, आतल्या खोलीत कोणाला ऐकू जाऊ नये इतका. "मग हे पुण्याहून रोज फोन करतील, पोरीला बाबांकडे ठेवून कशी जातेस म्हणून. मी नोकरीवर जाते ती कोणाच्या भरवशावर? तुम्ही मोकळे व्हाल, बाबा. मी काय करू?"

दवाखान्यात मी जे केले तेच पुन्हा करायला निघालो होतो, हे मला त्या अंगणात उभे असताना कळले. जे माझे एकट्याचे नव्हते ते मी देऊन टाकणार होतो, आणि त्यातून वाटणारे समाधान मात्र माझे एकट्याचे असणार होते. आतून मुलाने हाक मारली, "बाबा, चहा!" मी आत जाऊन चहा घेतला.

तेव्हापासून तो प्रसंग सांगितला जात असताना मी मान खाली घालून ऐकतो. लोकांना तो विनय वाटतो.

घर शांत असले की मला बसवत नाही. नात दुपारी झोपली की मी तीन-चार वेळा जाऊन तिच्या नाकाशी बोट धरतो. खालच्या मजल्यावर एखादे मूल रडले तर शेजारी वैतागतात; मी मात्र ते थांबेपर्यंत ऐकत राहतो, आणि थांबले की मला धास्ती वाटते. गुणाची, हा शब्द मी नातीसाठी वापरू शकत नाही.

हे लिहावे का, असे मी या वेळी सुनेला आधी विचारले. ती म्हणाली, "नावं घालू नका कोणाची."

रोज सकाळी साडेनऊला ती ऑफिसला निघते. नातीचा डबा, औषधांची पिशवी, डॉक्टरांचे दोन नंबर लिहिलेला कागद, सारे ती मला दाखवून ठेवते. मग नातीला माझ्याकडे देते. नात हसत माझ्या गळ्यात पडते, चष्मा ओढते. सुनेचा हात मात्र तिच्या पाठीवर क्षणभर तसाच राहतो. तो ती काढून घेईपर्यंत मी हलत नाही.