लांब चेंडूवाल्या नानांचा मुरूम

भुजंगनानांच्या पंच्याहत्तरीच्या ग्रंथात मी लिहावं, असं समितीनं कळवलं, तेव्हा मी अध्यक्षांना पहिला प्रश्न केला, "नानांना विचारलंत का?" कारण या गावात आल्यापासून नानांचं आणि माझं एका वाक्यावरही एकमत झालेलं नाही. अध्यक्ष हसून म्हणाले, "नानांनीच तुमचं नाव सुचवलं. बाईला लिहू द्या, बाकीचे नुसती आरती ओवाळतील, म्हणाले." नानांनी मला असा धक्का देण्याची ही काही पहिली वेळ नव्हे.

सोनपेठहून बदली होऊन मी गंगाखेडच्या शाळेत रुजू झाले, त्याच आठवड्यात मैदानावर गेले. माहेरी भाऊ फुटबॉल खेळायचे, त्यामुळे मला या खेळाचं वेड. आमच्या क्लबची पोरं आखूड पास देत पुढं सरकत होती. मी टाळ्या वाजवल्या. तर शेजारचे धोतर-टोपीतले एक धिप्पाड गृहस्थ माझ्याकडं वळून गरजले, "ओ बाई, टाळ्या कशाला वाजवायलात? पंगतीत मीठ वाढल्यावानी चिमूट चिमूट देयलेत की हे! गोल तिकडं हाय, तर गावभर राम राम घालत कशाला जायचं? उचल आन् हाण!" ओळख ना पाळख! मीही सुनावलं, "तुम्ही उचलून हाणलेला चेंडू दर वेळी समोरच्याच्या पायात पडतो, ते दिसत नाही का?" आजूबाजूचे लोक सामना सोडून आमच्याकडं बघायला लागले. भुजंगनानांना कुणी उलट बोलतं, हे त्यांनाही नवीनच असावं. नाना मात्र खूश होऊन म्हणाले, "चहा घ्या बाई. भांडायला बळ लागतं."

तेव्हापासून गावात दोन तट आहेत. नानांच्या मागं लांबवाले, माझ्या मागं पासवाले. आमचा क्लब जिल्ह्याच्या लीगमध्ये दुसऱ्या गटात खेळतो. तिथं ना बक्षीस मोठं ना नाव मोठं, पण सामना संपल्यावर चहाच्या टपरीवर जी जुंपते, ती बघून एखाद्याला वाटावं, देशाचा संघ निवडायला बसलेत. लग्नाच्या मांडवात अक्षता हातात घेऊनही आम्ही भांडलो आहोत. नवरदेवाच्या बापानं हात जोडले तेव्हा थांबलो.

या भांडकुदळ माणसाचं काळीज मला पहिल्यांदा दिसलं ते दवाखान्याच्या दारात. माझ्या यजमानांच्या छातीत कळ आली, तेव्हा नानांनी स्वतःची जीप काढून आम्हाला परभणीला पोचवलं. दवाखान्यात दाराबाहेर मी बसले होते. नाना शेजारी येऊन अगदी गंभीरपणे म्हणाले, "बाई, खरं सांगा. गोलकीपरनं चेंडू हातानं फेकावा का लाथेनं?" अशा वेळी हे? मला इतका संताप आला की मी तिथंच त्यांच्याशी भांडायला लागले. डॉक्टर बाहेर येऊन "धोका टळला" म्हणाले, तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की तेवढा वेळ मी रडले नव्हते.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले, ती करीम सरांची.

करीम सर आमचे प्रशिक्षक. दुसरीकडची नोकरी सोडून बायकामुलांसह इथं आले, भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. ते पक्के पासवाले. पण त्यांच्या हाताखाली संघ घरच्या मैदानावर हरू लागला. सर सांगायचे, "मैदान साथ देईना." आमचं मैदान म्हणजे काळं रान. थंडी पडली की हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा. चेंडू सरळ दिला तरी वाकडा जायचा. आम्ही सगळे काळ्या रानातच जन्मलेलो, तरी आम्हाला ते सरांचं निमित्तच वाटलं. पासवाल्यांनासुद्धा! बाहेरगावी संघ जिंकायचा, त्याला आम्ही नशीब म्हणायचो. बाहेरचे सामने बघायला जातंय कोण? घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना गेला असता तर क्लब गटातून बाहेर पडणार होता. त्याआधीच सरांना काढायचं, असं ठरवून शाळेच्या हॉलमध्ये बैठक बोलावली गेली.

लांबवाले जोरात होते. सर मान खाली घालून मागच्या बाकावर बसले होते. नाना बोलायला उठले आणि मी मनात म्हटलं, संपलं. आता हा माणूस सरांना सोलणार.

नाना म्हणाले, "मी परवा एस्टीनं बोरीला गेलतो. आपला सामना बगायला."

लांबवाले एकमेकांकडं बघायला लागले.

"तिथलं मैदान मुरमाड हाय. तिथं आपली पोरं लय भारी खेळली. डोळ्यानं बगितलं, म्हणून सांगायलोय. करीम सर खोटं बोलत न्हाईत. माणूस बदलू नका, मैदान बदला. मुरूम माझा."

माझा कानांवर विश्वास बसेना. लांबवाल्यांचे तर चेहरे उतरले. पण खरा हादरा मला दुसऱ्या दिवशी बसला, नानांच्या घरी. रखमाकाकू चुलीपुढं तणतणत होत्या, "नव्या विहिरीचा मुरूम वाटंला टाकायला ठिवलता. कॅनॉलच्या पाझरानं तिथं बारा महिने चिखल. ट्रॅक्टर रुततो. आता ऊस काय डोक्यावर काढायचा? इचारा की तुमच्या नानाला!" नाना खाली बघून भाकरी मोडत होते. शेताच्या वाटेचा मुरूम! तोडणी तोंडावर आलेली, आणि या माणसानं स्वतःची वाट देऊन टाकली होती. मला बसायला पाट दिला, तरी बसवेना.

मुरूम सगळ्या मैदानाला पुरला नाही. भेगा बुजवून मधला पट्टा तेवढा झाला. पाणी मारलं, रोलर फिरवला. नाना स्वतः उन्हात उभे. म्हणायचे, "मधी पासवाल्यांचं राज्य. कडंनं मात्र लांबच मारा." सामना बरोबरीत सुटला, क्लब गटात टिकला, करीम सर राहिले. आणि सामनाभर नाना काय करत होते? प्रत्येक आखूड पासला शिव्या घालत होते! त्यांचा ऊस त्या साली बैलगाडीत अर्धा अर्धा भरून, चिखलातून बाहेर आला. काकू महिनाभर नानांशी बोलत नव्हत्या.

सामना संपल्यावर मी विजयी मुद्रेनं विचारलं, "काय नाना, पटलं ना शेवटी?"

नाना भडकलेच. "काय पटलं? घंटा पटलं! लांब चेंडूच खरा. पण करीम सर हरला तर खेळानं हरू द्या ना, भेगांनी कशाला? तसं जिंकून मी तुमाला काय तोंड दाखवू?"

ज्या खेळावर या माणसाचा काडीचा विश्वास नाही, त्या खेळाला नीट उभं राहता यावं म्हणून त्यांनी आपल्या उसाची वाट दिली. मी जन्मभर वाद घातले, पण समोरच्याच्या पायाखाली जमीन आहे की नाही, हे एकदाही वाकून पाहिलं नाही.

नाना, तुमची प्रकृती ठणठणीत राहो, आवाज असाच खणखणीत राहो, काकूंची साथ लाभो आणि शंभरी सहज गाठली जावो. लांब चेंडूबद्दल तुम्ही साफ चुकता आहात आणि ते तुम्हाला पटवायला मला अजून पुष्कळ वर्षं लागणार आहेत. तेवढी तुम्ही मला द्याच.