मिस्त्रींचा गाल

प्लास्टरचा साचा हातात आला की आमचे मिस्त्री आधी तो गालाला लावत. गार लागला की समजायचं, साचा अजून ओला. मग डोळे मिटून निकाल, "न्हाय. वाळू दे की!"

कोल्हापुरात चिनी मातीचं काम तेव्हा नवंनवं होतं. एकोणीसशे पन्नासच्या सुमाराला मी एका छोट्या कारखान्यात साचे शिकायला गेलो, तो यांच्याच हाताखाली. साच्यात मातीचा पातळ घोळ ओतायचा. प्लास्टर पाणी पिऊन घेतं, कडेनं मातीची साय धरते, उरलेला घोळ ओतून टाकायचा, झाला कप. ऐकायला सोपं! माझा पहिला कप साच्यातून निघेचना. ओढला, तर अर्धाच हातात आला. मिस्त्री म्हणाले, "पावणं, म्हशीची धार काढताय व्हय? वाळू दे की!" हा माणूस डब्यातली भाकरीसुद्धा गालाला लावून बघायचा, खोटं नाही सांगत.

आणि रोजचा एक दम ठरलेला. "भट्टीत माती आकसती. नमुना मोठा धरायचा. इसरला तर कान उपटीन."

अशा माणसाच्या घरी मुलगी बघायला पेठ वडगावचे पाहुणे यायचे होते. आधीची दोन स्थळं मोडलेली, त्यामुळे घर धास्तावलेलं. त्यात सहा कपांच्या सेटमधला एक फुटला. बायकोनं डोक्याला हात लावला. "मी कशाला हाय?" म्हणत मिस्त्रींनी उरलेल्यांतला एक कप आणला आणि त्याच्यावरूनच साचा काढला. गालाला लावला, वाळवला, घोळ ओतला, कप भाजला. कप निघाला सुरेख. फक्त बाकीच्यांशेजारी ठेवला, तर त्यांचा नातू दिसायचा! मिस्त्री स्वतःच विसरले होते. आता कान कुणाचे उपटायचे, हे विचारायची आमची छाती नव्हती.

दुसरा करायला वेळ नव्हता. धीराला म्हणून मिस्त्रींनी मला शेजारी बसवलं. मुलगी तबक घेऊन आली. पाहुण्यांना मोठे कप दिले आणि तो नातू आपल्या बापासमोर ठेवला. मुलाचे वडील बघतच राहिले.

"पावणं, तुमाला च्या चालत न्हाय व्हय?"

मिस्त्री घामाघूम. खाली मान घालून मुलगीच बोलली, "ह्यो कप त्यांनीच केलाय. ज्यानं केला त्यानं त्यातनं प्यावं की!"

मला वाटलं, हेही स्थळ गेलं. तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी मांडीवर थाप मारली आणि असे हसले की चहा धोतरावर सांडला. "बापालाबी सोडत न्हाय ही! आमच्या घराला अशीच पायजे. ठरलं म्हणा!"

मिस्त्री जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला ते आठवतात ते पाठवणीच्या दिवशीचेच. गाडी सुरू होती, वडगावकर घाई करत होते. मिस्त्रींनी लेकीला जवळ घेतलं, तिच्या गालाला गाल लावला आणि सोडेचनात.

"मिस्त्री, निघायचं न्हवं?" व्याह्यांनी हाक दिली.

मिस्त्रींनी डोळे मिटले होते. "न्हाय. अजून ओलं हाय. वाळू दे की."

ड्रायव्हरनं गाडी बंद केली.