आधीच चोरलेलं फाटक

"आगं, तक्रार कसली लिवतीस? मान हाय त्यो, मान!"

"आये, फाटक गेलंय आपलं. बिजागऱ्या बोडक्या झाल्यात. ह्याला चोरी म्हंत्यात."

"तुज्या पोलिसात म्हनत असतील. आपल्यात सांत जॉर्जच्या रातीला पोरं लगीन न झालेल्या पोरीचं फाटक पळवत्यात. तेहतीस वर्साची झालीस, तरी आली का न्हाई? त्या फिरुत्साच्या पोरीचं बग, हाय तितंच हाय. वाळवी लागंल, पर कुनी हात लावनार न्हाई!"

नास्तासियाबाई हे एवढ्या मोठ्यानं बोलली, की कुंपणापलीकडं गाय पिळत बसलेल्या फिरुत्साची धार बादलीबाहेर गेली.

नास्तासियाबाईची लेक तिओडोरा टोपी घालून ठाण्याकडं निघाली. गावच्या ठाण्यात ती साधी शिपाई. जीव मात्र जिल्ह्याच्या गुन्हे शाखेत अडकलेला. अर्जाला शुक्रवारपर्यंत मुदत होती, आणि अर्जासोबत पाहिजे होती स्वतः तडीला नेलेल्या एका तपासाची फाईल. पाहणी, साक्षी, आरोपी, सगळं. हुकलं की चार वर्षं थांबा. आणि ह्या गावात तीन वर्षांत गुन्हा म्हणावा असं काही घडलं नव्हतं. गडी गटारात पडायचे, पण ते आपणहून पडायचे.

"रीत म्हंजी गुन्हा न्हवं," ठाण्याचे प्रमुख ग्लिगोरसाहेब डुकराची चरबी पावावर फासत म्हणाले. "संध्याकाळी पोरास्नी आलुबुखाऱ्याच्या दारूची बाटली दे अन् फाटक सोडवून आन. मिटलं."

तेवढ्यात दार ढकलून चार पोरं आत घुसली. पुढं नेकिता, गावातल्या सगळ्या उचापतींचा म्होरक्या.

"साहेब, तक्रार हाय. तिओअक्काचं फाटक चोरलंय."

"कुनी?"

"त्येच इचारतोय की! आमी चौघं दोर घिऊन चोराया गेलो, तर फाटकच न्हाई. आदीच कुनी मुडद्यानं पळवलं. वर्सातनं एकदा चोराया मिळतंय साहेब, त्यात बी आमच्यावर अन्याव!"

साहेबांच्या हातातला पाव तसाच राहिला. तिओडोरानं वही उघडली.

"पोरांनी न्हाई नेलं," ती म्हणाली. "म्हंजी रीत न्हवं. म्हंजी गुन्हा."

साहेबांनी बराच वेळ चावून चावून विचार केला. "लिव," म्हणाले.

ती धावतच घरी आली आणि फाटकाच्या खांबापाशी उकिडवी बसली. बिजागऱ्यांना चरबी चोळली होती, कुरकुरू नयेत म्हणून. खिळे उपटून फेकलेले नव्हते, धुतलेल्या फडक्यात बांधून वळचणीला ठेवले होते. खुराड्याला तारेचे चार वेढे, म्हणजे फाटक नसलं तरी कोंबड्या रस्त्यावर जाऊ नयेत. चोर मोठा काळजीवाला होता.

मातीत ढकलगाड्याच्या एका चाकाचा माग होता, चाकाला खाच पडलेली असावी असा. तो धरून ती गेली, तर माग थेट गुरांच्या डॉक्टरच्या अंगणात शिरला. हा ऑक्टाव डॉक्टर चाळिशीचा, बिनलग्नाचा. त्यानं फाटक मेंढ्यांच्या वाड्याला बसवूनही टाकलं होतं.

"सकाळी भिंतीला टेकून हुतं," तो म्हणाला. "मला वाटलं कुनीतरी उपकार केला. मेंढ्यास्नी औषध पाजून झाल्याबिगर मी काय काडत न्हाई बगा."

तिओडोरानं ते लिहून घेतलं आणि घरी जाऊन परसातला ढकलगाडा पालथा केला. चाकाला तशीच खाच. दांड्याला चरबी.

"आये. चोर तूच."

नास्तासियाबाई हातातलं मक्याचं पीठ चाळत राहिली. "मग? गेल्या वर्सी कुनी आलं न्हाई. फिरुत्सा आठ दिस फाटकाकडं बगून 'लई मजबूत हाय हो' म्हनत हुती. किती आयकायचं? न्यायचंच तर डॉक्टरच्या दारात न्ह्यावं म्हनलं."

"यंदा आली हुती पोरं."

चाळणी थांबली. "खोटं."

"चौघं. दोर घिऊन. तू आदीच नेलंस म्हनून रिकाम्या हातानं परत गेली. ठान्यात येऊन रडली."

"चौघं?"

"चौघं. पर आये, फाईलीत आरोपी म्हनून तुजं नाव जानार. सगळ्या गावाला कळनार. न्हाईतर न्हाई लिवत मी. ऱ्हाऊ दे ती गुन्हे शाखा."

"न्हाई कशी लिवत?" म्हातारी उसळून उभीच राहिली, पीठ सगळं पायाखाली. "मोट्या अक्षरात लिव! पर आदी पोरांची साक्ष लिव. चौघं आली हुती, दोर घिऊन. अन् ती मोट्यानं वाचून दाखव. हितं न्हवं, कुंपनापाशी."

वाचून दाखवावंच लागलं. दोनदा.

दुपारी साहेबांनी फाईल चाळली. "आरोपीशी नातं?"

"मुलगी."

"कबुली कशी काडली?"

"काडली न्हाई साहेब. आरोपीनं हट्टानं दिली. चार ठिकानी सही केलीया, मी एकच मागितली हुती."

साहेबांनी शिक्का फुंकून मारला. शाई वाळायच्या आत फोन वाजला. फिरुत्साबाई होती. नास्तासिया मघापासून गावभर साक्ष सांगत फिरतीय, खुराडं सताड उघडं, अंगणाला फाटक नाही, आणि एकोणीस कोंबड्या पाद्र्याच्या कांद्याच्या वाफ्यात घुसल्यात.

तिओडोरानं फाईल कपाटात ठेवली, टोपी घातली आणि एक पोतं घेऊन निघाली.