गणगौरीचे जवारे कोणी प्यायले?

अन्याय माझ्या वहिनीवर झाला. चैत्र तृतीयेच्या सकाळी, जर्सी सिटीतल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, चहाच्या आधी. हे मी पहिल्याच दमात सांगून टाकते, कारण नंतर घरातल्या सगळ्यांनी ‘अन्याय कसला, जरा गैरसमज झाला’ असं म्हणून प्रकरण दाबायचा प्रयत्न केला आहे.

वहिनी बिकानेरची. लग्नानंतरची पहिली गणगौर तिकडे थाटात पुजतात. पण व्हिसाच्या भानगडीमुळे तिला माहेरी जाता येईना. मग तिने गणगौरच इथे आणली. होळीनंतर कुंडीत गहू पेरायचे, रोज पाणी घालायचं आणि आपली चैत्रगौर बसते त्याच दिवशी त्या कोवळ्या कोंबांनी, म्हणजे जवाऱ्यांनी, गौर पुजायची. होळीची राख मातीत मिसळावी लागते. अपार्टमेंटमध्ये होळी पेटवली असती तर फायर ब्रिगेडच पूजेला आली असती, म्हणून उदबत्तीच्या राखेवर भागवलं. पण जवारे काय तरारले! वर्षभर वाळू बघणाऱ्या मुलखात हिरव्याला केवढा मान असेल, विचार करा. जवारे दाट आले की मुलीचं घर सुखात आहे, असं तिची मम्मी मानते. ती बिकानेरहून व्हिडिओ कॉलवर तेच बघणार होती.

त्या सकाळी मी उठून आले तर बाबा (पुण्याहून आलेले, शुगर असलेले) मिक्सर धूत होते.

“घे. ताजा गव्हांकुराचा रस. पुण्यात यासाठी बागेबाहेर रांग लावतो मी. इथे आपल्याच खिडकीत!”

मी अर्धा ग्लास प्यायले. वर म्हणाले, “व्वा बाबा! झिरो वेस्ट!”

तेवढ्यात वहिनी आली. हातात गौरीची इवलीशी चुनरी.

“बाबा, जवारे कुठे गेले?”

बाबांनी ग्लासाकडे पाहिलं. मी ग्लासाकडे पाहिलं. दादाने फोनमध्ये डोकं घातलं. खिडकीत कुंडी होती, पण मुंजीतल्या बटूसारखी चकोट केलेली!

“मी फक्त सूचनेचं पालन केलं,” बाबा म्हणाले आणि त्यांनी फ्रिजकडे बोट दाखवलं.

फ्रिजवर माझं पत्रक होतं. मी अन्नाच्या नासाडीविरुद्ध काम करते. ‘हिरवं फेकू नका! पान, देठ, कोंब, सगळं पोटात गेलं पाहिजे!’ कोंबाखाली मी स्वतः लाल रेघ मारली होती.

“अहो बाबा, पण देवाचे कोंब सोडून!”

“तसं लिहिलेलं नाही,” बाबा म्हणाले. चष्मा लावून, पुन्हा वाचून म्हणाले.

वहिनी ओरडली असती तर परवडलं असतं. आरडाओरड्याला उत्तर द्यायची मला सवय आहे. गप्प बसलेल्या माणसापुढे मात्र माझ्याकडे एकही घोषणा नाही. ती कुंडीजवळ बसून एवढंच म्हणाली, “आता मम्मीला काय दाखवू?”

आयसेलिनच्या देशी दुकानांत जाऊन यायला वेळ नव्हता. मी चपला घातल्या आणि खालच्या दुकानात धावले. ते कुत्र्यामांजरांच्या खाऊचं दुकान. तिथे मांजरांच्या पोटासाठी गव्हाचं हिरवंगार गवत डब्यांत मिळतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. कारण त्याच प्लास्टिकच्या डब्यांविरुद्ध मी त्या दुकानावर बहिष्कार घालून दारात बोर्ड घेऊन उभी राहिले होते! काउंटरवरच्या मुलीने मला ओळखलं.

“हाउ मेनी कॅट्स?”

“नो कॅट. इट्स फॉर अ गॉडेस.”

तिने डबा पिशवीत घातला. (प्लास्टिकच्या. मी गप्प!)

वर आले तर फोन वाजतच होता. गवत डब्यातून निघेना, म्हणून दादाने डबाच कुंडीत दाबून बसवला. मी ईसर-गौरीची, म्हणजे शंकर-पार्वतीची, मूर्ती पुढे सरकवली. बाबांनी, कारण नसताना, हात जोडले.

“अरे वाह बिटिया!” स्क्रीनवर मम्मी हरखली. “इतने हरे जवारे! हमारे यहाँ भी नहीं आये।” वहिनीचे डोळे भरून आले. मग मम्मी स्क्रीनच्या जवळ आली. “पर ये नीचे बिल्ली की फोटो कैसी है?”

डब्यावरचं स्टिकर! मिशा फेंदारून हसणारं गुबगुबीत मांजर. मी खुलाशाला तोंड उघडलं, तर वहिनीने माझ्या पायावर पाय दिला.

“मम्मी, गौरा का शेर है,” ती शांतपणे म्हणाली. “अमेरिका में छोटे साइज़ में आता है।”

मग पलीकडे मम्मी अशी हसली की स्क्रीनवर नुसतं छतच दिसायला लागलं. मागोमाग वहिनी हसली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच बाबांनी तिच्याकडे पाहायची हिंमत केली.

पूजा नीट झाली. विसर्जन बादलीत केलं. (हडसन नदीत काही टाकायचं नाही, हेही माझंच एक पत्रक.) मग वहिनीने फ्रिजवरचा कागद उतरवला, घडी केली आणि माझ्या हातात दिला.

“हे अजून किती घरांत लावलंय?”

बिल्डिंगमधल्या प्रत्येक मराठी घरात. शिवाय आयसेलिनच्या दुकानांतून येईल त्याच्या पिशवीत मी स्वतः कोंबलंय.

तेव्हा वाचकहो, माझी मागणी एकच आहे आणि ती बिनशर्त आहे. उठा, स्वयंपाकघरात जा आणि फ्रिजवर माझं पत्रक असेल तर ते आत्ताच्या आत्ता काढा. फेकू मात्र नका. कागद आहे, पाठकोरा!