खळीचा दोरा

माझ्या बायकोला हे ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं एका घरात राहिलो, तिच्या शेवटच्या दुखण्यात उशाशी बसलो, तेव्हाही तोंडातून निघालं नाही. मुलांना नाही, उस्तादांना नाही – उस्तादांनी तर विचारलंसुद्धा होतं. आज तुम्हाला सांगायला बसलोय, आणि पाहा, अजून सुरुवातही झाली नाही तोच माझा आवाज चढला. माझं हे असंच. दामू मिस्तरी तापट, पण माणूस सरळ – नगरच्या बाजारात माझी ही ख्याती होती. सरळ! हा शब्द ऐकला की अंगाची लाही होते. जो मोठ्यानं ओरडतो तो खरं बोलतो, असं लोकांना का वाटतं?

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. नगर म्हणजे लष्कराचं गाव, त्यामुळे फटफट्या आम्हाला नव्या नव्हत्या. मी करीमउस्तादांच्या हाताखाली तारांचं काम शिकलो. उस्ताद म्हातारे, डोळ्यांना कमी दिसायचं, पण बोटांनी तार चाचपून ती कुठं तुटायला आली आहे ते सांगायचे. गाडीच्या तारांवर रबर असतं, त्यावर सुताची विणलेली खोळ. नगरच्या उन्हात ते रबर वाळून भुगा होतं, तांबं उघडं पडतं आणि ते लोखंडाला टेकलं की गाडी जागच्या जागी बंद. नवी तार मिळायची नाही. चिकटवायची काळी पट्टी लष्कराच्या आवाराबाहेर दिसत नव्हती. मग उस्तादांनी जुनी रीत काढली – तारेवर सुती दोरा घट्ट गुंडाळायचा, वर चपडी लाखेचा हात द्यायचा, वाळला की मेण.

दोऱ्याची आम्हाला वानवा नव्हती. शेजारीच विणकरांची आळी. मागावर लुगडं संपलं की ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची, वीतवीतभर टोकं उरायची, ती आम्ही आणायचो. पण ताण्याच्या सुताला खळ लावलेली असते, शिजवलेल्या पिठाची. उस्तादांचा नियम एकच – दोरा आधी उकळत्या पाण्यात धुवायचा, दोनदा, मग वाळवायचा, मग गुंडाळायचा. “पीठ राहिलं तर उंदराला जेवायला बोलावल्यासारखं होतं,” म्हणायचे. दुसरा नियम मानेचा. हँडल वळतं तिथं तारांना बोटभर ढील द्यायची आणि वर चामड्याची नळी चढवायची, म्हणजे घासणार नाहीत. इतकंच. यात न समजण्यासारखं काय आहे? मला सगळं समजलेलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

नगरपासून सात-आठ कोसांवर एका गावात मिशनचा लहानसा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या, कडक. औषधांची पेटी घेऊन वाड्यावस्त्यांवर जायला त्यांनी एक फटफटी ठेवली होती, आणि ती चालवायचा शामुवेल. वय माझ्याएवढंच. बाप गावकुसाबाहेरच्या घरात जन्मलेला, आजा ख्रिस्ती झालेला. शामुवेल मिशनच्या शाळेत शिकला, कंपाउंडर झाला आणि बाईंनी त्याला फटफटी शिकवली. त्या टापूत फटफटीवर बसणारा तो पहिला माणूस. पाटलाच्या दारावरून तो फटफट करत जायचा तेव्हा ओट्यावरच्या माणसांच्या कपाळाला आठ्या पडायच्या – आणि माझ्याही पडायच्या. हे लपवून चालणार नाही, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

तो गाडी घेऊन आला तेव्हा उस्ताद लेकीकडे गेले होते. हँडलपासून टाकीखाली जाणाऱ्या चार तारांपैकी दोन पार गेलेल्या, दोन कंपनीच्या अजून धड. मी दोन तारा काढल्या. दोरा धुवायचा तर एक दिवस जाणार – पण खरं कारण ते नव्हतं. घाई कुणालाच नव्हती. खरं कारण सांगू? धुतलेला दोरा मऊ पडतो, तंतू सुटतात, गुंडाळी केसाळ दिसते. खळीचा दोरा ताठ असतो. वेढ्याला वेढा असा बसतो की बघत राहावं. उस्ताद नव्हते, आणि मला एकदा तरी माझ्या मनासारखं देखणं काम करायचं होतं. लाखेनं दोरा पिवळट दिसला असता, म्हणून लाखेलाही फाटा दिला. जवसाच्या तेलात काजळी कालवून तोच हात फिरवला. काळ्याभोर तारा, अगदी विलायतेहून आल्यासारख्या. आणि मानेवर चामड्याची नळी? ती चढवली असती तर माझी गुंडाळी झाकली गेली असती. नाही चढवली. ढीलही दिली नाही, ताणून बसवल्या, कारण ताणलेली तार सरळ दिसते.

शामुवेल बघून हरखला. “मिस्तरी, लई झ्याक काम केलं,” म्हणाला. मी मिशीला हात लावला.

दीड महिना गेला. सुगी झाली. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत सुगीचा सण असतो – ज्यानं त्यानं आपल्या शेतातलं पहिलं धान्य देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चात, आणून वाहायचं. सणाआधी पोती येऊ लागतात. देवळात जागा नसली की ती दवाखान्याच्या ओसरीत रचायची, ही तिथली जुनी वहिवाट. त्याच ओसरीत फटफटी उभी असायची. पोती पाळकांच्या, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंच्या, सांगण्यावरून ठेवलेली, शामुवेलच्या नव्हे. हे ध्यानात ठेवा. माझ्याही ध्यानात होतं.

मग एके दिवशी सकाळी शामुवेल औषधांची पेटी मागं बांधून निघाला. ओढ्याच्या उताराला समोरून बैलगाडी आली. त्यानं हँडल पुरतं वळवलं, आणि त्याच क्षणी इंजिनाला ठिणगी देणारी तार मानेपाशी लोखंडाला टेकली. गाडी मेली. चाक वाळूत रुतलं. तो दगडांवर पडला, गाडी त्याच्या पायावर. घोट्याचं हाड मोडलं. पेटीतल्या बाटल्या फुटल्या – आणि लढाईत ती औषधं परत कधी यायची होती, कोण जाणे.

बाईंनी मला बोलावणं धाडलं. मी गेलो. ओसरीत गाडी उभी, भोवती पंधरा-वीस माणसं, पाळक, बाई, आणि खाटेवर पाय बांधलेला शामुवेल. मी टाकी सैल केली, वाकून पाहिलं.

काय पाहिलं ते नीट सांगतो, कारण ते फक्त मीच पाहिलं. माझ्या दोन्ही तारांवरचा दोरा उंदरांनी कणसाचे दाणे काढावेत तसा टोकापासून टोकापर्यंत साफ केला होता. नागडं तांबं चकचकत होतं. त्याला चिकटून कंपनीच्या दोन तारा – त्यांना दातसुद्धा लागला नव्हता. आणि दोन हातांवर बाजरीची पोती, एकालाही भोक नाही. समोरची बाजरी सोडून उंदीर माझी गुंडाळी खाऊन गेले होते! आणखी काय पुरावा हवा होता? एका नजरेत कळलं. श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही.

आणि मला राग आला. आजवर मी त्या रागाला बरीच चांगली नावं देऊन पाहिली, एकही बसत नाही. मी ताडकन उभा राहिलो आणि ओरडलो. “धान्याच्या पोत्यापाशी फटफटी लावत्यात व्हय? उंदीर तारा न्हाई खानार तर काय करनार?” म्हणालो. शामुवेल खाटेवरून म्हणाला, “मिस्तरी, मी तर रोज पुसून ठिवीत हुतो वो.” यावर मी जे बोललो ते शब्दाला शब्द सांगतो. “पुसून काय हुतंय? वस्तू जपायची सवय रक्तात आसावी लागती. ती न्हाई, तर हात कशाला लावायचा?”

रक्तात! कुणाच्या रक्ताबद्दल बोलत होतो मी? पीठ न धुता दोरा गुंडाळणाऱ्याच्या?

आणि एकानंही विचारलं नाही. वीस माणसं होती. कुणी वाकून पाहिलं नाही की बाबा, बाकीच्या दोन तारा कशा राहिल्या? बाई शिकलेल्या, त्यांनाही वाटलं नाही. का विचारतील? मिस्तरी इतका संतापला आहे म्हणजे खरंच असणार. आणि मी जे बोललो ते त्यांच्यातल्या कित्येकांच्या मनात आधीपासून होतं, मी फक्त ते मोठ्यानं बोललो. त्या सगळ्यांचा मला अजून राग येतो. माझ्या एका ओरडण्यावर त्यांनी एका माणसाला निकालात काढलं. पण ओरडलो मी होतो.

त्याच दुपारी मी नव्या तारा बसवल्या. दोरा माझ्या पिशवीत होता – धुतलेला. कळलं का तुम्हाला? बोलावणं आल्यावर, गाडी पाहायच्या आधीच, मी पिशवीत धुतलेला दोरा, लाख, मेण आणि चामड्याची नळी घालून निघालो होतो. म्हणजे वाटेतच मला ठाऊक होतं. खाल्लेल्या तारा मी खिशात घातल्या आणि परतताना ओढ्यात टाकल्या.

उस्ताद परत आले, त्यांना मी सांगितलं, उंदीर. त्यांनी एवढंच विचारलं, “दोरा धुतला होतास ना रे?” मी हातातला पान्हा आपटला. एवढ्या वर्षांत माझ्यावर हाच विश्वास का, म्हणून त्यांच्यावर उसळलो. ते म्हातारे डोळे मिचमिचवत म्हणाले, “चुकलं बाबा, सहज विचारलं.” त्यांनाही मी चुकलं म्हणायला लावलं.

बाईंनी शामुवेलकडून गाडी काढून घेतली. दुसरा माणूस आला, वरच्या जातीच्या घरातला. फटफटी त्याच ओसरीत उभी राहिली, पुढच्या वर्षी तिच्याशेजारी पुन्हा पोती रचली गेली, त्याच्या पुढच्या वर्षीही. तारांना काही झालं नाही. शामुवेल औषधांची पेटी खांद्यावर घेऊन लंगडत वाड्यावस्त्या फिरायला लागला. पाटलाच्या ओट्यावर आता कुणाच्या कपाळाला आठी पडत नव्हती.

माझं नाव मात्र झालं. दोरा दोनदा धुतल्याशिवाय हात लावू देत नाही, मानेवर नळी नसली तर गाडी दुकानाबाहेर जाऊ देत नाही – दामू मिस्तरी म्हणजे कसोशी. पुढं कोपरगावकडे साखर कारखान्यात लागलो, तिथंही हेच. माझ्या हाताखालची माणसं मला घाबरायची आणि मानायची. ती कसोशी कुठून आली, हे कुणाला ठाऊक?

पण माझी कबुली ही नाही. इथवर आलो तरी खरी गोष्ट अजून राहिलीच आहे – बघा, किती फेऱ्या मारतोय.

पडल्यानंतर तिसऱ्या रविवारी त्यांचा सुगीचा सण झाला. गाडी एका दुपारात दुरुस्त केली म्हणून बाईंनी मलाही बोलावलं होतं. मी देवळात मागच्या बाकावर बसलो. पुढं बाजरीच्या राशी, भोपळे, शेंगा. त्यांच्यात रीत आहे, सणाच्या आधी कुणाच्या मनावर काही ओझं असेल तर त्यानं उभं राहून मंडळीपुढं सांगायचं. शामुवेल काठीवर भार देऊन उठला. त्याची म्हातारी आई पहिल्या रांगेत होती, तिनं पदर तोंडात धरला.

तो म्हणाला, “माज्या हयगयीनं गाडी मोडली, आवशीद सांडलं. ज्यान्ला ते मिळालं न्हाई त्यांचा मी गुन्हेगार हाय. देवानं आन् मंडळीनं मला माफी करावी.”

त्याला खरंच तसं वाटत होतं. तीन आठवडे खाटेवर पडून त्यानं मनात शोधून शोधून स्वतःची चूक काढली होती, कारण मी सांगितलं होतं की ती आहे. मंडळीनं माफ केलं. पाळकांनी हात ठेवला. माझा गुन्हा त्या देवळात सगळ्यांदेखत माफ झाला, दुसऱ्याच्या नावावर. मी मागच्या बाकावर बसून होतो, दार माझ्या हाताशी होतं, तोंड कुणी दाबलं नव्हतं. चार शब्द पुरले असते – दोरा मी धुतला नव्हता.

बाहेर आल्यावर तो लंगडत माझ्यापाशी आला. हात जोडले. डोळे ओले होते, पण चेहरा मोकळा झाला होता. “मिस्तरी,” म्हणाला, “तुमी बोल्ला ते बरं केलं. माजं डोळं उगाडलं.”

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि म्हणालो, “हुतं आसं. इथून फुडं जपत जा.”